नव्या आकाराच्या स्की आत्ताच घ्याव्यात का? जांबोटीच्या एका मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मूळ जांबोटीचा, आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन त्यानं बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स केले. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, साठवलेले सव्वा लाख रुपये. तो विचारतो, "काका, आता टोकाला निमुळत्या, पुढं-मागं उचललेल्या, डावी-उजवी वेगळी अशा स्की आल्यात. कोर्सला मिळालेल्या जुन्या स्की त्यांच्यापुढं काहीच वाटत नाहीत. घेऊ का आत्ताच, की दोन-तीन वर्षं थांबू?" त्याचे वडील आणि मी एकाच पलटणीत होतो, म्हणून अरे-तुरे करतोय.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पुढचं टोक थोडं उचललेलं, पायाखाली कमान (म्हणजे मधला भाग जमिनीपासून जरा वर राहिलेला) आणि कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, मध्यम रुंदी, अशी स्की घ्यायला काहीच हरकत नाही. तिला आता नवी म्हणायचं कारण उरलेलं नाही. डावी-उजवी वेगळी असलेली किंवा दोन्ही टोकं फार उचललेली स्की तुझ्यासाठी आत्ता नको. आणि त्या सव्वा लाखातला पहिला रुपया स्कीवर जाऊ देऊ नकोस, बुटावर जाऊ दे.

मी बेळगावच्या मराठा सेंटरमधून भरती झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्सला गेलो. बेळगुंदीच्या माळावर वाढलेल्या पोरानं तोवर बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितला होता. तिथं मापाची पद्धत सोपी होती. उस्ताद म्हणायचे, हात सरळ वर कर. स्कीचं टोक मनगटाला लागलं की ती तुझी. म्हणजे दोन मीटर लांब, जवळजवळ सरळ फळी. तिच्यावर वळायचं म्हणजे अंगातली सगळी ताकद लावून शेपटी घसरवायची. आम्ही तसंच शिकलो आणि वळणं अशीच असतात असं समजत राहिलो.

आकारात फरक पडला तर किती पडतो, हे तुला व्हर्नियर हातात धरून कळेल असं सांगतो. स्कीचं पुढचं टोक रुंद, मध्ये कमर बारीक, शेपटी पुन्हा रुंद असते. कमरेला बाजूनं घेतलेली ही खोली म्हणजे साइडकट. टोकाची आणि शेपटीची रुंदी मिळव, त्यातून कमरेची दुप्पट वजा कर, चारनं भाग. आमच्या जुन्या स्कीची मापं साधारण ८८-६८-७८ मिलिमीटर. म्हणजे खोली फक्त साडेसात मिलिमीटर. आता दोन्ही रुंद जागांमधलं अंतर १.८ मीटर धर. अंतराच्या वर्गाला खोलीच्या आठपटीनं भागलं की वळणाची त्रिज्या येते, इथं ५४ मीटर. आताच्या साध्या स्कीची मापं १२१-७४-१०५, अंतर दीड मीटर. खोली साडेएकोणीस मिलिमीटर, त्रिज्या सुमारे साडेचौदा मीटर. बारा मिलिमीटरच्या फरकानं वळण ५४ वरून साडेचौदावर आलं. तुमच्या शॉपमध्ये बारा मिलिमीटर म्हणजे स्क्रॅपच्या डब्यात जाणारा तुकडा.

हे घरीही बघता येईल. घरात पडलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घे. जाड कागदाची स्कीसारखी पट्टी काप, दोन्ही कडांना मध्ये आत गोलाई दे. ती टेबलावर एका कडेवर तिरकी धर आणि बोटानं मध्यभागी दाब. दोन्ही रुंद टोकं टेबलाला टेकलेली राहतात, कमर खाली झुकते, आणि पट्टी आपोआप धनुष्यासारखी वाकते. टेबलावर जी गोल रेघ उमटेल तेच वळण. पट्टी जितकी जास्त तिरकी, तितकं वळण आवळतं. साठ अंशांवर त्रिज्या निम्मी होते. आता सरळ पट्टी कापून तेच करून बघ, ती वाकायलाच तयार नसते. आमची सगळी उमेदीची वर्षं त्या सरळ पट्टीवर गेली.

कमर असलेली स्की ही कल्पना काही परवाची नाही. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातला सोंद्रे नोरहाइम एकोणिसाव्या शतकात कमर घेतलेल्या लाकडी स्की वापरत होता. पण कमर फार आत घेतली की लाकूड पीळ खातं, म्हणून ती शतकभर अंगचोरच राहिली. पिळाला दाद न देणारी बांधणी हाताशी आल्यावर स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीच्या इंजिनिअरांनी १९९३ च्या सुमारास एससीएक्स नावाची खोल कमरेची स्की काढली. सुरुवातीला जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पाच-सहा वर्षांत मात्र जगभरच्या दुकानांतून सरळ स्की जवळजवळ नाहीशी झाली. माझ्या हातात पहिली कमरेची स्की आली तेव्हा मी स्वतः उस्ताद झालो होतो, आणि पहिल्या उतारावर नुसतं गुडघे कलते केल्यावर ती वळली तेव्हा मी थांबून मागं पाहिलं. बर्फावर दोन बारीक रेघा होत्या, रूळ टाकल्यासारख्या. शेपटी कुठंच घसरली नव्हती. त्या दिवसापासून नव्या आकाराला नुसता नवा आहे म्हणून कधी नाही म्हटलं नाही. पण नुसता नवा आहे म्हणून होही म्हटलं नाही, त्याचं कारण पुढं येतं.

रॉकर तुला बर्फापेक्षा शेतात लवकर समजेल. पाऊस लागून भाताची चिखलणी झाल्यावर आपण फळी फिरवतो, आणि वजनाला एखाद्या पोराला तिच्यावर उभं करतो. पोर बुडत नाही, कारण वजन रुंद फळीवर पसरतं. पण फळीची पुढची कड खाली गेली की चिखलात घुसते, समोर ढीग साठतो आणि बैल अडतात. म्हणून उभं राहणारा जरा मागं रेलतो. खोल पावडर, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात जुन्या स्कीचं अगदी हेच व्हायचं. टोक घुसू नये म्हणून आम्ही दिवसभर मागं रेलून मांड्या भरून घ्यायचो. रॉकर म्हणजे तीच पुढची कड कारखान्यातच वर उचलून दिलेली. रेलायची गरज संपते, माणूस स्कीच्या मध्यावर सरळ उभा राहतो.

हे टोकाला नेऊन दाखवलं शेन मॅक्कॉन्की नावाच्या स्कीअरनं. पाण्यावरच्या स्की बर्फावर चालवून बघितल्या आणि त्यातून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला नावाची स्की २००२ च्या सुमारास बाजारात आली. कमर रुंद, टोकं अरुंद आणि दोन्ही वर उचललेली. म्हणजे आपल्या लग्नपत्रिकेच्या बरोबर उलट. गुडघाभर पावडरमध्ये ती तरंगली. कडक बर्फावर मात्र तिला कडच नाही म्हणायचं, कारण टेकतो तो फक्त मधला तुकडा. आज तू जी निमुळत्या टोकाची स्की बघतोयस, तिच्यात ती कल्पना अर्धी उतरलीय: सर्वांत रुंद जागा टोकापासून मागं सरकवलेली, त्यामुळं तुटक्या, ढेकळं झालेल्या बर्फात टोक अडकत नाही. त्याची किंमत म्हणजे कडक उतारावर वळणाच्या सुरुवातीची पकड थोडी उशिरा येते. अशी स्की घेताना लांबी नेहमीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर जास्त घ्यावी लागते, कारण बर्फाला टेकणारी लांबी कमी असते. दुकानात नुसती उंची सांगून माप घेतलंस तर इथं फसशील.

आकारावरचे निर्णय उलटतात हेही मी डोळ्यांसमोर बघितलंय. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या (झेंड्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीच्या) स्कीची किमान त्रिज्या २७ मीटरवरून ३५ केली. गुडघे वाचवायचे हा हेतू. खेळाडूंनी ओरडा केला. सर्वांत मोठा आवाज अमेरिकेच्या टेड लिगेटीचा होता. त्याच लिगेटीनं त्या हंगामातली पहिली शर्यत, सोल्डनची, २.७५ सेकंदांनी जिंकली. या खेळात निकाल शतांशांवर लागतात. पुढं २०१७-१८ पासून पुरुषांसाठी त्रिज्या पुन्हा ३० वर आणली. मधल्या काळात ज्यांनी ३५ च्या स्की घेतल्या, त्यांच्या स्की नियमात बसत राहिल्या तरी जुन्या पडल्या. लिगेटीच्या त्या शर्यतीतून मी एक घेतलं: आकार विरुद्ध गेला तरी ज्याचं कडेवर उभं राहणं पक्कं आहे तो जिंकतो.

आता डावी-उजवी वेगळी असलेल्या स्कीकडं येऊ. एलाननंच २०१० च्या आसपास अँफिबिओ काढली: आतल्या कडेला कमान, बाहेरच्या कडेला रॉकर. मी ती तयार केलेल्या उतारावर चालवलीय आणि ती खोटी नाही. वळणाला सहज लागते, आतली कड धरून ठेवते. ज्याच्या गावात रोज सकाळी मशीन उतार सपाट करून देतं आणि कोपऱ्यावर स्कीच्या कडा-तळ नीट करून देणारं दुकान आहे, त्यानं जरूर घ्यावी. तुझी गोष्ट वेगळी. तू वर्षातले दहा-बारा दिवस गुलमर्गला जाणार. तिथं बर्फ पातळ असला की खालून दगड डोकावतात. साध्या जोडीची आतली कड झिजली की डावी उजव्या पायात घालता येते, आयुष्य वाढतं. इथं ती अदलाबदल बंद. आणि एक स्की दगडानं गेली तर तुला नेमकी तीच बाजू शोधावी लागेल, तीही इथं बेळगावात बसून.

गुलमर्गचा उतारही नीट समजून घे, कारण स्की त्या बर्फासाठी घ्यायची. गोंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तिथं आणि खाली बाउल म्हणतात त्या वाटीसारख्या मैदानात शिकणाऱ्यांचे उतार. दुसरा टप्पा अफरवाटवर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि तिथून खाली मुख्यतः नैसर्गिक, न दाबलेला बर्फ. परदेशी लोक त्यासाठीच येतात. त्यांच्या पायांत ११० मिलिमीटर कमरेच्या स्की बघून आपल्यालाही वाटतं, हेच पाहिजे. मलाही वाटलं. निवृत्तीनंतर परत जाणाऱ्या एका पाहुण्याकडून मी ११५ मिलिमीटरची जोडी घेतली. पहिला आठवडा बर्फ पडत होता, मी आनंदात होतो. मग तीन आठवडे आभाळ कोरडं. सकाळी उतार काचेसारखा. चौथ्या दिवशी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला आणि पुढं तो दोन महिने बेळगुंदीत रताळ्याचे वेल लावतानाही गेला नाही. कारण साधं आहे. कडक बर्फावर जोर फक्त कडेवर येतो. ११५ च्या स्कीत कड पायाच्या मध्यापासून साडेसत्तावन्न मिलिमीटर बाहेर, ८० च्या स्कीत चाळीस. तेवढा लांब पाना लावून गुडघा पिळल्यासारखं होतं, प्रत्येक वळणाला. आणि कोरडा हिवाळा हा आता अपवाद म्हणता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, ते फोटो तूही बघितले असशील.

म्हणून तुझ्यासाठी कमर ८४ ते ९० मिलिमीटर, लांबी १७० च्या आसपास, पुढं थोडा रॉकर, पायाखाली खरी कमान, शेपटी जवळपास सपाट, त्रिज्या १५ ते १७ मीटर. या घडणीच्या स्की अनेक कंपन्या कित्येक वर्षं काढतायत, आणि मागच्या हंगामाची रंगसंगती बदललेली जोडी बऱ्याच कमी पैशांत मिळते. आकार तोच, चित्र वेगळं. अफरवाटवर खूप बर्फ पडेल त्या दोन दिवसांसाठी रुंद स्की तिथंच भाड्यानं घे. आणि वर जाणारच असशील तर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं आणि ते वापरायचं शिक्षण यांचा खर्च स्कीच्या आधी धर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ती माणसं नवशिकी म्हणून तिथं आली नव्हती. वाटाड्याशिवाय हद्दीच्या दोरीपलीकडं पाऊल टाकू नकोस, हे तुझ्या वडिलांच्या वतीनं सांगतोय.

बूट. कोर्सच्या बुटात तुझा पाय आत फिरत होता की नाही? टाच वर उचलत होती? मग स्कीचा आकार कोणताही असो, तुझा गुडघा कलला तरी ती बातमी कडेपर्यंत पोचतच नाही. बुटाचं माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतं. आतला मऊ लायनर काढ, नुसत्या प्लास्टिकच्या खोक्यात पाय घाल, बोटं पुढं टेकव, आणि टाचेमागं किती जागा राहते ते बघ. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक-दीड बोट, बरोबर. तीन बोटं शिरत असतील तर तो बूट कितीही आरामशीर वाटला तरी ठेवून दे. जुना बूट स्वस्तात मिळाला तर जपून. काही प्लास्टिकं दमट हवेत वर्षानुवर्षं पडून आतून ठिसूळ होतात आणि उतारावर मध्येच फुटतात. आपल्याकडच्या हवेत तर फारच लवकर. नव्या बुटाचा तळवा पुढं वाकडा, ग्रिपवॉक पद्धतीचा असेल, तर बाइंडिंगही, म्हणजे स्कीवर बूट धरून ठेवणारी पकडही, त्याच खुणेची पाहिजे. नाहीतर पडताना बूट सुटत नाही आणि पाय मोडतो.

बाइंडिंग स्वतः बसवण्याचा मोह तुला होणार, कारण ड्रिल तुझ्या हातात आहे. भोकाची खोली नऊ मिलिमीटर असते, तेवढं तू डोळे मिटून करशील. पण जागा बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ठरते आणि सुटण्याचा जोर वजन, उंची, वय, कौशल्य आणि तीच लांबी यांच्या तक्त्यावरून लावून मशीनवर तपासायचा असतो. ते काम ज्याच्याकडं ते मशीन आहे त्याच्याकडूनच करून घे.

वापरलेली जोडी बघायला मिळाली तर एवढं कर. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धर. पायाखाली फट दिसायला हवी, ती कमान. मग वहीच्या कागदाची पट्टी पुढच्या टोकाकडून फटीत सरकव. जिथं अडेल तिथून स्की बर्फाला टेकते. मागूनही तसंच. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोज, तीच खरी लांबी. वरच्या छापील आकड्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेव. कमान मुळीच उरली नसेल तर लाकूड थकलंय. कड बघायची असेल तर नखाची पाठ तिच्यावरून हलकी ओढ. नखाचा पांढरा भुसा निघाला तर धार आहे. नाही निघाला तरी घाबरू नकोस, कानस आणि ८८ अंशांचा गाइड असला की ती परत आणता येते, आणि कानस कशी धरायची हे उद्यमबागच्या माणसाला मी काय सांगणार. कडेला तळापर्यंत गेलेली चीर किंवा थर सुटलेला दिसला तर मात्र ती जोडी फुकटही घेऊ नकोस.

शेवटचं, जांबोटीच्या पावसाचं. कड कार्बन पोलादाची असते, आपल्या जूनमध्ये पंधरा दिवसांत तांबते. मार्चमध्ये परत आलास की स्की पुसून पूर्ण वाळव, तळावर आणि कडांवर जाड मेण गरम इस्त्रीनं ओत आणि न खरवडता डिसेंबरपर्यंत तसंच ठेव. बाइंडिंगच्या स्क्रूशेजारी पाणी राहिलं तर आतलं लाकूड कुजतं. पत्र्याखाली माळ्यावर टाकू नकोस, एप्रिलच्या उन्हात थर सुटतात. दोन्ही स्की एकमेकींना करकचून बांधू नकोस, कमान बसते. आतल्या खोलीत भिंतीला सैल टांग. बुटांचे लायनर बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे भर, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी. गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला जाशील तेव्हा १७० ची जोडी खालच्या बर्थखाली आडवी बसते, म्हणून तिकीट खालच्याच बर्थचं काढ.

रविवारी बेळगुंदीला ये. माझ्याकडं दोन मापांचे जुने बुटांचे खोके आहेत, त्यात तुझा पाय बघू. पातळ मोजे घालून ये, जाड लोकरीचे नकोत.